तिथीची तारीख, तारखेची तिथी : सोलापूरकर हमखास विचारतात ते प्रश्न

आमच्या घरात वडिलांनी जपलेली जुनी पंचांगं आहेत, वर्षावार दोऱ्याने बांधलेली. त्यामुळे आठ-पंधरा दिवसांनी कुणी ना कुणी दारात येतं. कुणाला आजोबांची तिथी हवी असते, कुणाच्या हातात फाटकी पत्रिका असते, तर कुणाला फक्त आईने सांगितलेली एक आठवण पुरेशी असते. पंचांगाच्या गावात राहतो आपण. दाते पंचांग सोलापुरातूनच निघतं आणि महाराष्ट्रभर जातं. तरीही तिथीचं गणित बहुतेकांना गूढ वाटतं. ते तसं नाही, हे पटावं म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह मांडले आहेत.

महिन्यांना चैत्र, वैशाख अशी नावं कशावरून पडली?

पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्रात किंवा त्याच्या शेजारी असतो, त्यावरून. चित्रेवरून चैत्र, विशाखेवरून वैशाख, ज्येष्ठेवरून ज्येष्ठ, पूर्वाषाढा-उत्तराषाढांवरून आषाढ, श्रवणावरून श्रावण, भाद्रपदांवरून भाद्रपद, अश्विनीवरून आश्विन, कृत्तिकांवरून कार्तिक, मृगशीर्षावरून मार्गशीर्ष, पुष्यावरून पौष, मघांवरून माघ आणि फाल्गुनींवरून फाल्गुन.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर कार्तिकी पौर्णिमेला रात्री गच्चीवर जा. चंद्राच्या आसपास कृत्तिकांचा पुंजका दिसतो. चंद्राच्या उजेडात तो फिका पडतो, म्हणून चंद्र हाताआड करून बघा. मुलांना बारा नावं घोकायला लावण्याआधी हे एकदा दाखवावं, नावं आपोआप लक्षात राहतात.

खेड्यातले बोली शब्दही माहीत असू द्या, कारण म्हातारी माणसं त्याच भाषेत सांगतात : आषाढाचा आखाड, भाद्रपदाचा भादवा, फाल्गुनाचा शिमगा. अमावस्या म्हणजे अवस, पौर्णिमा म्हणजे पुनव. जुन्या कागदांत शुद्ध-वद्य ऐवजी नुसतं ‘शु.’ आणि ‘व.’ असतं.

तिथी म्हणजे नेमकं काय? ती दिवसाच्या मध्येच कशी बदलते?

सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

तारीख हे दिवसाचं नाव आहे. तिथी हे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतराचं माप आहे. अमावस्येला दोघं एका रेषेत येतात. मग चंद्र पुढे सरकू लागतो आणि त्याने सूर्यापासून १२ अंश अंतर तोडलं की एक तिथी पुरी होते. ३६० अंशांच्या अशा ३० तिथी. चंद्राचा वेग कमी-जास्त होत असल्यामुळे कधी एखादी तिथी २० तासांत उरकते, तर कधी तिला २६ तासांच्या वर लागतात. त्यामुळे ती सकाळी दहाला संपेल किंवा रात्री दोनला, घड्याळाशी तिचा काही करार नाही.

व्यवहारासाठी मग एक नियम ठरला : सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची तिथी. एखादी लहान तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधीच संपली, तर तिच्या नावाचा दिवसच उरत नाही. तो क्षय. एखादी लांबलेली तिथी दोन सूर्योदय गाठते. ती वृद्धी. कॅलेंडरात चौथ गायब दिसली किंवा दोन दिवस दशमीच दिसली, तर ती छपाईची चूक नसते.

गड्ड्याची यात्रा दरवर्षी ठरल्या तारखांना भरते. मग आषाढी एकादशी कधी जूनमध्ये, कधी जुलैच्या अखेरीस कशी?

आपल्या जिल्ह्यात दोन्ही कालगणना शेजारी शेजारी नांदतात, म्हणून हा प्रश्न सोलापुरातच जास्त पडतो.

गड्डा म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा, आणि ती मकर संक्रांतीशी बांधलेली आहे. नंदीध्वजांची मिरवणूक, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होमप्रदीपन, शोभेचं दारूकाम हे सगळं त्याच चार-पाच दिवसांत. आणि संक्रांत म्हणजे सूर्य मकर राशीत जाण्याचा क्षण. त्यात चंद्राचा संबंध नाही. इंग्रजी कॅलेंडरही सूर्यावरच चालतं, म्हणून संक्रांत १४-१५ जानेवारीला चिकटून राहते. अगदी जागची हलत नाही असं नाही. आपली संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबाने मोजतात आणि इंग्रजी वर्ष ऋतूंच्या हिशेबाने. त्या फरकामुळे ती सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. पणजोबांच्या वेळची संक्रांत १३-१४ जानेवारीची का, याचं उत्तर इथे आहे.

आषाढी मात्र चंद्राची. चांद्रमहिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून बारा महिन्यांचं वर्ष ३५४ दिवसांचं. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी ११ दिवसांची तूट पडते. म्हणून आषाढी २०२४ मध्ये १७ जुलैला होती ती २०२५ मध्ये ६ जुलैला आली. तूट साठत गेली की अधिक महिना घालतात आणि मग तारीख एकदम पुढे जाते : २०२६ ची आषाढी २५ जुलैला. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं : कोणताही तिथीचा सण पुढच्या वर्षी ११ दिवस (क्वचित १०) अलीकडे येतो, आणि मध्ये अधिक महिना पडला तर १८-१९ दिवस पलीकडे जातो.

शेतकऱ्यांची पावसाची नक्षत्रंही सूर्याचीच. मृग ७-८ जूनला निघतो, हस्त सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लागतो, अधिक महिना असो वा नसो. मालदांडी ज्वारीची पेरणी हस्तावर ठरवणारा बार्शी-मंगळवेढ्याचा शेतकरी न कळत सौर कॅलेंडरच वापरत असतो.

अधिक महिना नेमका कोणता, हे कसं ठरतं?

सूर्याने राशी बदलली की संक्रांत. साधारणपणे प्रत्येक चांद्रमहिन्यात एक संक्रांत येते आणि तिच्यावरून महिन्याचं नाव ठरतं. मेष संक्रांत ज्या महिन्यात तो चैत्र, वृषभ संक्रांत ज्यात तो वैशाख, असं पुढे. एखादा महिना अमावस्येपासून अमावस्येपर्यंत कोरडाच गेला, एकही संक्रांत पडली नाही, की तो अधिक. त्याला पुढच्या महिन्याचं नाव देतात आणि पुढचा खरा महिना निज म्हणवतो. म्हणजे अधिक आधी, निज नंतर. सण-वार निज महिन्यात.

हे सरासरीने साडेबत्तीस महिन्यांनी घडतं, १९ वर्षांत ७ वेळा. अलीकडचे सांगायचे तर २०१५ मध्ये आषाढ, २०१८ मध्ये ज्येष्ठ, २०२० मध्ये आश्विन, २०२३ मध्ये श्रावण अधिक होता. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ.

मार्गशीर्ष, पौष अधिक झालेले कधी ऐकलेत? नाही ऐकणार. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, त्यामुळे सूर्य धनू-मकर राशी झपाट्याने ओलांडतो. तिथला सौर महिना चांद्रमहिन्याहूनही किंचित आखूड पडतो, मग संक्रांतीविना महिना जायला जागाच उरत नाही. उलट उन्हाळ्यात सूर्य मिथुनेत साडेएकतीस दिवस रेंगाळतो. म्हणून अधिक महिने जास्त करून चैत्र ते आश्विन या काळातच.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे देताना सासूबाईंना हे गणित ठाऊक असायलाच हवं असं नाही, पण ठाऊक असलं तर अनारसे कमी गोड लागणार नाहीत.

क्षयमासही असतो म्हणे?

असतो, पण दुर्मीळ. एका चांद्रमहिन्यात दोन संक्रांती आल्या की एका महिन्याचं नाव गळतं. १९६३-६४ आणि १९८२-८३ या वर्षांत असा क्षयमास होता. त्या वर्षी क्षयमासाच्या आगेमागे दोन अधिक महिनेही येतात. त्या दोन वर्षांतल्या जन्माची किंवा मृत्यूची तिथी काढायची असेल तर अंदाजाने काढू नका. त्या वर्षीचं पंचांगच उघडा.

शके आणि इसवी सन यांचं साधं गणित काय?

शकात ७८ मिळवा. पण ही बेरीज गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच बरोबर. जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे, कारण इंग्रजी साल बदललेलं असतं आणि शक अजून जुनाच असतो. पौष, माघ, फाल्गुन म्हटलं की सावध व्हा. पौष तर कधी डिसेंबरमध्येच सुरू होतो, त्यामुळे तिथे दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात.

दोन उदाहरणं घेऊ. अक्कलकोटचे श्रीस्वामी समर्थ समाधिस्थ झाले तो दिवस चैत्र वद्य त्रयोदशी, शके १८००, मंगळवार. १८०० अधिक ७८ म्हणजे १८७८. चैत्र वद्य म्हणजे एप्रिलचा उत्तरार्ध किंवा त्याच्या पुढेमागे. तारीख येते ३० एप्रिल १८७८, आणि वारही मंगळवारच येतो.

दुसरं शिवजन्माचं : फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. इथे फाल्गुन आहे, म्हणून ७९ मिळवायचे, साल १६३०. कुणी ७८ मिळवले तर अख्खं वर्ष चुकतं. शासनाने ठरवलेली तारीख १९ फेब्रुवारी १६३०. ही त्या काळच्या ज्युलियन पद्धतीची आहे. आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडराने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. सतराव्या शतकातल्या तारखांत हा दहा दिवसांचा फरक हमखास निघतो, आणि त्यावरून उगाच वाद होतात.

विक्रम संवतासाठी इसवी सनात चैत्रानंतर ५७ मिळवतात. गुजरात्यांचा विक्रम संवत मात्र कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. आपल्याकडच्या गुजराती पेढ्यांच्या जुन्या चोपड्या वाचताना हे विसरू नका.

संवत्सराचं नाव कशासाठी लिहितात? त्याचा उपयोग काय?

पूजेच्या संकल्पात गुरुजी म्हणतात तेच ते नाव. प्रभव ते अक्षय अशी साठ नावं ओळीने फिरतात. तारीख ताडून पाहायला त्याचा फार उपयोग होतो आणि माझ्या मते त्याची किंमत आपण ओळखत नाही.

शकात १२ मिळवा, ६० ने भागा. बाकी उरेल त्या क्रमांकाचं संवत्सर. शके १९४७ : १९५९ ला ६० ने भागलं की बाकी ३९, विश्वावसू. शके १५५१ : बाकी ३, शुक्ल. राज्याभिषेकाचा शके १५९६ : बाकी ४८, आनंद. एखाद्या जुन्या कागदावरचा शकाचा शेवटचा आकडा पुसला असेल, पण ‘बहुधान्य नाम संवत्सरे’ वाचता येत असेल, तर साठ वर्षांच्या टप्प्यात एकच साल बसतं. बहुधान्य बारावं. स्वामींचा शके १८०० तोच.

मोबाइलमधलं अ‍ॅप महिनाच वेगळा दाखवतं. खरं कोण?

दोघेही खरे, पण तुमच्या घरचा एकच.

आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तेलंगण, गुजरात इथे महिना अमावस्येला संपतो. उत्तरेत, राजस्थानापासून बिहारपर्यंत, तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षाला दोन्हीकडे एकच नाव असतं. वद्य पक्षात मात्र उत्तरेचा महिना एक पाऊल पुढे असतो. आपली श्रावण वद्य अष्टमी ती त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी. आपली महाशिवरात्र माघ वद्यातली, त्यांची फाल्गुनातली. दिवस एकच असतो, नावंच काय ती दोन. श्रावणी सोमवार मात्र खरोखरच वेगळे पडतात, कारण उत्तरेत श्रावण पंधरा दिवस आधी लागतो.

हे नुसतं माहितीसाठी सांगत नाही. माझ्या वडिलांची तिथी कार्तिक वद्य पंचमी. एका वर्षी माझ्या धाकट्या भावाने पुण्यात एका अ‍ॅपवर ‘कार्तिक कृष्ण पंचमी’ शोधली आणि आलेल्या दिवशी श्राद्ध केलं. दिवाळीच्या आठवडाभर आधी. त्याने फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं : अ‍ॅप उत्तरेच्या पद्धतीवर होतं. त्याची कार्तिक कृष्ण पंचमी म्हणजे आपली आश्विन वद्य पंचमी, बरोबर एक महिना आधीची. भाऊ खूप खट्टू झाला. पुढच्या महिन्यात तो सोलापूरला आला आणि आम्ही दोघांनी मिळून पुन्हा केलं. म्हणून सांगते, अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘अमान्त’ आणि ‘पूर्णिमान्त’ असे पर्याय असतात. आपल्याला अमान्त हवं. पर्यायच नसेल तर दिवाळीचा दिवस उघडून बघा. लक्ष्मीपूजनाला आश्विन अमावस्या दाखवत असेल तर ते आपलं, कार्तिक अमावस्या दाखवत असेल तर नाही.

पंचांग हाताशी नसताना तारखेवरून तिथी काढता येते का?

अंदाजाने येते, एक-दोन तिथींच्या फरकाने. त्या वर्षीच्या पाडव्याची तारीख माहीत हवी आणि अधिक महिना होता का, ते माहीत हवं.

१५ ऑगस्ट २०२५ ची तिथी काढू. पाडवा ३० मार्चला होता. ३० मार्चपासून १५ ऑगस्टपर्यंत १३८ दिवस गेले. चार चांद्रमहिन्यांचे, साडेएकोणतीसच्या हिशेबाने, ११८. उरले २०. म्हणजे पाचव्या महिन्यातले २० दिवस संपून एकविसावा चालू. पाचवा महिना श्रावण, त्या वर्षी तोपर्यंत अधिक महिना नाही. एकविसातून शुद्ध पक्षाचे १५ वजा केले की वद्य ६. पंचांगात होती श्रावण वद्य ७. एका तिथीची चूक, तीही दोन मिनिटांच्या तोंडी हिशेबात. वाढदिवसाचा अंदाज घ्यायला हे चालेल. श्राद्धाला, मुहूर्ताला अजिबात नाही.

पाडव्याच्या काही तारखा देऊन ठेवते : २०२१ ला १३ एप्रिल, २०२२ ला २ एप्रिल, २०२३ ला २२ मार्च, २०२४ ला ९ एप्रिल, २०२५ ला ३० मार्च, २०२६ ला १९ मार्च.

१९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जुळतात, हे खरं का?

खरं. १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्रमहिने जवळजवळ तंतोतंत सारखे भरतात. म्हणून १९, ३८, ५७ व्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख एकाच दिवशी किंवा एका दिवसाच्या फरकाने येतात. २००६ चा पाडवा ३० मार्चला होता, २०२५ चाही ३० मार्चला.

याचं एक फार सुंदर उदाहरण आहे. १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी अधिक श्रावण वद्य चतुर्दशी होती, शके १८६९. १९ च्या चौपट ७६. त्यानंतर ७६ वर्षांनी, १५ ऑगस्ट २०२३ ला, पुन्हा अधिक श्रावण वद्य चतुर्दशीच आली. त्या सकाळी शाळेत झेंडावंदनाला निघालेल्या शेजारच्या मुलीला मी हे सांगितलं. तिने वर्गात सांगितलं आणि मग तिच्या बाईच माझ्याकडे जुनं पंचांग बघायला आल्या.

सरकारी राजपत्रावर ‘चैत्र ९, शके १९४७’ असं असतं. ती तिथी का?

नाही. ते राष्ट्रीय सौर कॅलेंडर आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशीवरून ते २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे चैत्र १, शके १८७९ पासून लागू झालं. त्यात चैत्र २२ मार्चला सुरू होतो, लीप वर्षात २१ ला. वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे, बाकीचे ३०, फक्त लीप वर्षात चैत्रही ३१. चंद्राचा काही संबंध नाही, म्हणून शुद्ध-वद्यही नाही. २०२५ चा पाडवा ३० मार्चला होता, आणि त्या दिवशी राष्ट्रीय चैत्राची ९ तारीख होती. महिन्यांची नावं तीच ठेवल्यामुळे लोक फसतात. शुद्ध किंवा वद्य लिहिलेलं नसेल तर ती तिथी नव्हे, एवढी खूण पुरे.

आमच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, समोर मारवाडी. सगळ्यांचे महिने वेगळे का?

तेलुगू, कन्नड आणि मराठी महिने अगदी एकच आहेत. म्हणून पाडवा आणि युगादी एका दिवशी. पूर्वभागात पद्मशाली बांधव मार्कंडेय महामुनींचा रथ ओढतात ती नारळी पौर्णिमा, तुम्ही राखी बांधता तीच. मारवाडी घरांत महिना पूर्णिमान्त, त्याचा खुलासा वर आला.

सण वेगळे असतात ते महिन्यामुळे नाही, रिवाजामुळे. अक्कलकोट, दक्षिण सोलापुरात बैलांचा सण कारहुणवीला, म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमेला. इतर बऱ्याच ठिकाणी बैलपोळा श्रावण अमावस्येला. ‘पोळ्याला जन्मलो’ असं कुणी सांगितलं की मी आधी गाव विचारते. कारहुणवी आणि पोळा यांत अडीच महिन्यांचं अंतर आहे. तसंच येळवसेचं. सीमाभागात मार्गशीर्ष अमावस्येला सगळं घर शेतात जातं, अंबील आणि भज्जीची पातेली डोक्यावरून नेतात. त्या दिवशी रस्ते ओस असतात. २०२४ मध्ये ती ३० डिसेंबरला होती, २०२५ मध्ये १९ डिसेंबरला. ‘येळवसेच्या सांजेला पोरगी झाली’ या एका वाक्यातून मार्गशीर्ष अमावस्या पक्की मिळते. लागतं ते फक्त साल.

मुस्लिम शेजाऱ्यांचा हिजरी महिनाही चंद्राचाच, पण त्यात अधिक महिना नाही. म्हणून मोहरम, रमजान दरवर्षी ११ दिवस मागे येत सगळे ऋतू फिरून येतात.

एकाच सणाला दोन पंचांगांत दोन दिवस. कुणाचं ऐकावं?

प्रत्येक सणाची तिथी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पाहतात. गणेश चतुर्थीला मध्यान्ह, जन्माष्टमीला मध्यरात्र, लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळ, श्राद्धाला अपराह्ण. तिथी दोन दिवसांत विभागली की नियमांचा अर्थ लावावा लागतो आणि मतं फुटतात. २०२४ च्या लक्ष्मीपूजनाला तेच झालं, ३१ ऑक्टोबर की १ नोव्हेंबर. महाराष्ट्रातल्या बहुतेक पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला होता. एकादशीत स्मार्त आणि भागवत असे दोन दिवस छापलेले असतात. वारकरी भागवत धरतात. टिळक पंचांगाचा राशिचक्राचा आरंभबिंदूच वेगळा आहे, म्हणून क्वचित अधिक महिनाही वेगळा पडतो आणि सण महिनाभर सरकतात. घरात जे पंचांग पिढ्यांपासून चालत आलं तेच धरावं असं मला वाटतं. दरवर्षी सोयीचं निवडू नये.

बाळ रात्री दोनला झालं. कोणता वार, कोणती तिथी?

पंचांगाचा दिवस सूर्योदय ते सूर्योदय. म्हणून रात्री दोनला वार आदल्या दिवसाचा. इंग्रजी तारीख मात्र बारालाच बदललेली. तिथी जन्मक्षणी चालू असेल तीच. दवाखान्याच्या कागदावरून पत्रिका करायला देताना ‘मंगळवारची रात्र, बुधवार लागल्यावर’ असं सविस्तर लिहून द्या.

जुन्या पंचांगात तिथीची समाप्ती घटी-पळांत असते. एक घटी २४ मिनिटांची, मोजायची सूर्योदयापासून. आणि सोलापूरची स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे २६ मिनिटं मागे आहे, हेही जुन्या पत्रिका वाचताना ध्यानात ठेवा.

मुलगा अमेरिकेत आहे. त्याने आजोबांची तिथी कधी पाळावी?

तिथी जगभर एकाच क्षणी संपते, पण त्या क्षणी तिथे वेगळा दिवस चालू असतो. तिथल्या गावासाठी केलेलं पंचांग पाहावं. बरेचदा इथल्या आदल्या तारखेला येते.

जुन्या मोडी कागदावर शके नाही, भलतंच साल आहे. ते कसं वाचायचं?

सुहूर सन असेल तर ५९९ मिळवा. हे साल मृगाला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास बदलतं, म्हणून जानेवारीनंतरच्या कागदाला ६००. फसली असेल तर ५९० किंवा ५९१. राजशक, म्हणजे शिवराज्याभिषेकापासून मोजलेलं साल, असेल तर १६७३ मिळवून सुरुवात करा. बहुतेक कागदांत तिथी आणि वारही असतो. वार जुळला की साल बरोबर, नाही जुळला तर एक वर्ष अलीकडे-पलीकडे करून बघा.

दाखल्यावर १ जून आहे. आईला फक्त आठवण आहे. खरी तारीख निघेल का?

आपल्या जिल्ह्यात पन्नाशी-साठीच्या माणसांची दाखल्यावरची तारीख बघा, निम्म्यांची १ जून निघेल. शाळेत नाव घालताना तारीख सांगता आली नाही की गुरुजी तीच लिहायचे. पण आईची आठवण नीट विचारली तर बरंच हाती लागतं. प्रश्न असे विचारावेत : कोणत्या सणाच्या आधी की नंतर, चांदणं होतं की अंधार, शेतात काय चाललं होतं, पाचवी-बारसं कोणत्या दिवशी आलं.

मोहोळकडच्या एक बाई आईला घेऊन आल्या होत्या. आई ऐंशीच्या पुढच्या, ऐकायला कमी. एवढंच म्हणाल्या, ‘मिलो खाल्ली त्या साली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. खडी फोडायला जात होते मी.’ मिलो म्हणजे तेव्हा रेशनवर मिळणारी परदेशी ज्वारी, खडी म्हणजे दुष्काळी काम; दोन्ही मिळून बहात्तरचा दुष्काळ, शके १८९४. त्यांच्या गावात पोळा श्रावण अमावस्येचाच, हे विचारून घेतलं. दुसरा दिवस म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. त्या वर्षी वैशाख अधिक होता, म्हणजे पुढचे महिने उशिरा, पोळा सप्टेंबरात. पंचांग काढलं : अमावस्या ७ सप्टेंबर, प्रतिपदा ८ सप्टेंबर १९७२, शुक्रवार.

मी आजींच्या कानाशी जाऊन विचारलं, पाचवी कधी पुजली? त्या लगेच म्हणाल्या, ‘गणपती बसले, त्याच्या दुसऱ्या दिशी.’ चतुर्थीला गणपती, पंचमीला पाचवी. प्रतिपदेला जन्मलेल्या बाळाची पाचवी ऋषिपंचमीलाच येते. मग वार विचारला. थोडा वेळ गप्प बसून म्हणाल्या, ‘सुक्करवार. त्या दिशी कामावर हजेरी बुडली होती.’

बाईंनी तारीख आणि तिथी दोन्ही एका चिठ्ठीवर लिहून घेतल्या. दाखल्यावरची १ जून तशीच राहील, सरकारी कामाला ती चालते. चिठ्ठी घडी करून त्यांनी आईच्या हातात दिली, आणि आजींनी ती कनवटीला लावली.